युंटाच्या गारा

कॅलिंडरी फार्म,
ब्रोकन हिलच्या वर
३ मार्च २००२

प्रिय बाबा,

फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूलही करत नाही, म्हणून हे पत्र. गेल्या रविवारी मी घसा फोडून सांगितलं की माझं लग्न ठरलंय, आणि तुम्ही म्हणालात, "हो, इकडेही पाऊस नाही." मेंढ्यांची लोकर कातरायला आलेली सगळी माणसं जेवायला बसली होती. त्या सगळ्यांनी ऐकलं, तुम्ही सोडून. आयुष्यभर त्या इंजिनात डोकं घालून बसलं की आणखी काय होणार.

तर आता कागदावर सांगते. मुलगा ग्रँट ओल्सेन, इथल्या मालकांचा पुतण्या. मी इथे स्वयंपाकाला लागले तेव्हापासूनची ओळख. शांत आहे, कामाचा आहे, माझ्या हातचं मटण बिनतक्रार खातो. वाईट बातमी एकच, तीही सांगून टाकते. त्यांच्या घरात आजोबांपासून सगळे होल्डन गाडीवाले. आपण फोर्डवाले. काय रडायचं ते आत्ताच रडून घ्या.

लग्न बावीस जूनला, कातरणीच्या शेडमध्ये. घरापासून शेडपर्यंत मातीचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरून तुम्ही मला न्यायचं, तुमच्या लाडक्या गाडीत, शेंदरीत बसवून. मला दुसरं काही नको, डिनर सेट नको, टोस्टर तर मुळीच नको.

आणि ट्रेलरवर चढवून, ताडपत्रीत गुंडाळून आणायची नाही. पीटरबरोहून चालवत आणायची. एकाहत्तर सालची फोर्डची फाल्कन यूट, मागे हौदा आणि पुढे शर्यतीच्या गाडीचं इंजिन, असल्या आता देशात शोधून सापडत नाहीत, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. पण ती पळताना मी कधी पाहिली? शेडमधून ट्रेलरवर, ट्रेलरवरून प्रदर्शनाच्या हिरवळीवर, आणि परत शेडमध्ये. बाकीच्या पोरींचे बाप त्यांना रविवारी फिरायला न्यायचे, माझा बाप टूथब्रश घेऊन गाडीखाली झोपलेला असायचा. चिडून लिहीत नाहीये, हसत लिहितेय. पण या वेळी आणाच.

तुमची,
जनेल


पीटरबरो
१७ मार्च २००२

जनेल पोरी,

पत्र पोचलं. फार आनंद झाला. होल्डनचं वाचून पाणी प्यावं लागलं, पण असो, कुठल्या घरात जन्माला यायचं हे पोराच्या हातात नसतं. ग्रँटला म्हणावं, सासरा बोलणार. ऐकून घ्यायची सवय आत्तापासून कर.

आता गाडीचं. ब्रोकन हिलच्या पुढचा रस्ता तुझ्या पायाखालचा असेल, पण गाडीच्या नजरेतून तू तो कधी बघितला नाहीस. समोरून गुरांचा एक ट्रक गेला की गोट्याएवढे खडे उडतात. प्रत्येक खडा बॉनेटचा टवका घेऊन जातो. आणि हा रंग कारखान्यातून आलेला आहे, त्यावर परत कधी हात फिरलेला नाही. नवा रंग कोणीही मारून देईल, पण मग ती माझ्यासारख्या कुठल्याही म्हाताऱ्याने रंगवून घेतलेली गाडी. हा एकदा गेला की गेला.

तुझा नेव्हकाका सगळीकडे सांगत फिरतो की क्लेम पास्कोच्या गाडीवर मुंग्यासुद्धा बूट काढून चढतात. त्याला काय जातंय. त्याची यूट शेणखत वाहते आणि वासावरून ओळखू येते.

मी असं म्हणतो, ट्रेलरवर आणतो, शेडच्या दाराशी उतरवतो, पुसून देतो. तू शेजारी उभी राहा, झकास फोटो निघेल. लोकांनाही बघायला मिळेल. होल्डनवाल्यांना तर मिळालंच पाहिजे.

पेन सापडत नाहीये, खोक्यांवर नावं घालायच्या जाड मार्करने लिहितोय. म्हणून एवढ्याशा मजकुराला एवढे कागद लागले.

बाबा


कॅलिंडरी
४ एप्रिल २००२

बाबा,

फोटो नको.

तुम्हाला आठवतं का, बरा गावच्या प्रदर्शनात आई त्या गाडीत कशी बसायची? डावीकडच्या सीटवर, मांडीवर विणकाम घेऊन, गाडी बंद. लोक यायचे, बॉनेट उघडून इंजिन बघायचे, तुमच्याशी तासन्‌तास बोलायचे, आणि आई आतमध्ये विणत बसलेली. दिवसभर बसून कुठेच जायची नाही. एकदा मी तिला विचारलं, कंटाळा येत नाही का? म्हणाली, येतो, पण गाडीत सावली असते.

मला नुसतं बसायचं नाहीये. बसून कुठेतरी जायचंय, तुमच्या शेजारी, आणि लोकांनी म्हणायला पाहिजे, ती बघा जनेल आली बापाबरोबर. एवढंच मागणं आहे. खडे उडतील तर उडू देत.

आणि नसेलच जमत, तर तसं स्पष्ट सांगा आणि बसने या. ब्रोकन हिलच्या स्टँडवर ग्रँट येईल. मी रुसणार नाही. पण या.

नवं पेन बरोबर पाठवतेय. तुमची अक्षरं आता दुकानाच्या पाटीएवढी झालीत, टपालाच्या ट्रकवाल्याने लांबूनच वाचली असतील.

जनेल


पीटरबरो
२८ एप्रिल २००२

जनेल,

आईचं लिहिलंस ते वाचलं. परत वाचलं.

चालवून आणतो. शब्द दिला. बॉनेटवर पुढून कापडी टेप लावीन, ब्रोकन हिलला रात्री मुक्काम करीन, सकाळी पुसून तुझ्या दारात उभा राहीन. ग्रँटच्या काकाला म्हणावं, आवाज ऐकून मेंढ्या बिथरतील, आधीच आत घे.

पुढच्या आठवड्यात पोर्ट पिरीला जाऊन यायचं आहे, डोळ्याच्या डॉक्टरकडे. चष्मा बदलायला झाला असणार. नेव्ह येतोय सोबत, त्याला तिथले मासे खायचे आहेत.

बाबा


पीटरबरो
२५ मे २००२

जनेल,

कोट इस्त्री करून आणला. गाडीचं तेल बदललं, टाकी भरून ठेवली. येतो.

बाबा


पीटरबरो
२४ जून २००२

जनेल,

काय लिहू. शुक्रवारी सकाळी निघालो होतो. युंटापर्यंत गाडी छान आली. तिथे आभाळ हिरवट झालं. हिरवं आभाळ म्हणजे गारा, हे यूटवाल्याला सांगावं लागत नाही. पंपाच्या छपराखाली आधीच दोन ट्रक उभे होते, मला जागा नव्हती. घाबरलो आणि मागे फिरलो. नंतर परत निघायचा धीर झाला नाही.

रंग वाचला.

तू मला ओळखतेस. सुखात राहा दोघं.

बाबा


कॅलिंडरी
११ जुलै २००२

बाबा,

युंटाला गारा पडल्या नाहीत. युंटाला काय, इथून तुमच्या दारापर्यंत कुठे थेंब पडला नाही. ग्रँटचे मामा-मामी त्याच शुक्रवारी त्याच रस्त्याने ॲडलेडहून आले, धुळीने माखून. माझ्या पांढऱ्या झग्याचा घेर शेडपर्यंत जाईतो तांबडा झाला. अख्खा मुलूख दुष्काळात होरपळतोय आणि तुम्ही मला गारा सांगता.

मी व्हरांड्यात उभी होते. कुरणातली पोरं टोप्या काढून रस्त्याकडे बघत होती. जरा कुठे धूळ उठली की कोणीतरी म्हणायचं, आला तुझा बाप. प्रत्येक वेळी दुसराच कोणीतरी. पाहुणे शेडमध्ये जाऊन बसले, पाद्रीबुवांनी घड्याळ बघायला सुरुवात केली, तरी मी हलेना. शेवटी ग्रँटच्या काकांनी मला त्यांच्या जुन्या डिझेलच्या गाडीतून नेलं. सीटवर कुत्र्याचे केस होते. काका बिचारे वाटभर माफी मागत होते, जसा काही त्यांचाच गुन्हा.

तुम्हाला ग्रँट पसंत नसेल तर तसं तोंडावर म्हणायचं होतं. होल्डनवाल्यांच्या दारात फोर्ड उभी करायची नसेल तर तेही म्हणायचं. हसले असते मी. बसने या असं मी स्वतःहून लिहिलं होतं. म्हणजे गाडीचंही कारण नव्हतं. तुम्हाला यायचंच नव्हतं.

आणि "रंग वाचला" हे लिहिताना तुमचा हात कसा उचलला? पोर गेली तरी चालेल, रंग वाचला. आई गेली त्या महिन्यातही तुम्ही प्रदर्शनाला गेला होतात, तेव्हा मी लोकांशी भांडले होते तुमच्या बाजूने. आता नाही भांडणार.

फोटो पाठवतेय. तुम्हाला फोटोच हवा होता ना.

खरं लिहिता येईल तेव्हा लिहा. तोपर्यंत नको.

जनेल


पीटरबरो
२८ जुलै २००२

प्रिय जनेल,

मी नेव्हकाका. मला पत्रं लिहायची सवय नाही, तुझी एल्सीकाकू शेजारी बसून शुद्धलेखन बघतेय आणि मान हलवतेय, तेव्हा चुकलं तर तिचं. क्लेमला मी शब्द दिलाय की तुला काही कळू देणार नाही. तो मोडतोय. पन्नास वर्षांत पहिल्यांदा, पण मोडतोय, कारण तुझं पत्र त्याला मीच वाचून दाखवलं.

हो, मी. त्याला वाचता येत नाही आता. डोळ्यांच्या मधला भाग गेलाय त्याच्या. कडेकडेचं दिसतं, बरोबर समोरचं दिसत नाही. माणसाकडे बघितलं की त्याचे कान दिसतात, तोंडाच्या जागी धूर. चष्म्याने होण्यातलं नाही. मे महिन्यात पोर्ट पिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि गाडी चालवायला कायमची बंदी केली. मी मासे घेतले होते, ते तसेच घरी आणून मांजराला घातले. तुला ते मार्करचं कळलं नाही का गं? कसं कळणार म्हणा, तो तर आमच्याशीसुद्धा पेनवरून भांडत होता.

आम्ही म्हटलं, जनेलला कळव, बसने जाऊ, मी येतो सोबत. हो म्हणायचा. उद्या लिहितो, परवा लिहितो. मला वाटलं लिहिलं असेल. शुक्रवारी दुपारी एल्सीने केलेल्या, खिमा भरलेल्या पेस्ट्या द्यायला गेलो, वाटेत खायला होतील म्हणून. शनिवारी पहाटे तरी निघू असा माझा हिशोब होता. तर हा शेडमध्ये, गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून. अंगात लग्नाचा कोट, खिशाला फूल.

आणि गाडी, पोरी. गाडीचं पुढचं डावं मडगार्ड आत गेलेलं, दिवा फुटलेला, रंग पत्र्यापर्यंत खरवडून निघालेला. सकाळी त्याने ती बाहेर काढली होती. तुला शब्द दिला होता ना. अंगणातून बाहेर पडताना फाटकाच्या खांबावर नेली. चाळीस वर्षं तिथे असलेला खांब, त्यानेच पुरलेला. म्हणाला, "कडेचं कुंपण दिसत होतं रे, खांब बरोबर समोर आला." तशीच मागे घेतली आणि आत बसून राहिला.

मी म्हटलं, ऊठ, माझ्या यूटमधून चल, शेणाचा वास येईल पण उद्या वेळेवर पोचू. नाही म्हणाला. म्हटलं, गाढवा, पोर वाट बघतेय. तर म्हणाला, "तिथे मी तुझा दंड धरून उतरणार, पायरी चाचपणार. सगळे माझ्याकडे बघतील. पोरीचा दिवस आहे, लोकांनी तिच्याकडे बघावं." मी चिडलो, वाटेल ते बोललो. मी त्याला उचलून गाडीत कोंबायला हवं होतं. एल्सी अजून मला तेच म्हणते आणि तिचं बरोबर आहे.

गाराही माझ्यासमोरच ठरवल्या त्याने. म्हणाला, हे तिला लगेच पटेल. आणि तुझं पत्र वाचून संपवलं तेव्हा मी म्हटलं, आता तरी खरं कळवू? तर म्हणाला, "राहू दे. रागावलेली बरी. कीव करायला लागली तर मला ते सोसायचं नाही."

त्याला सोसायचं नसेल, पण मला दर रविवारी त्याच्यासमोर बसावं लागतं.

मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नकोस. तू लिहिशील ते मीच वाचून दाखवणार आहे, हे लक्षात ठेवून लिही.

तुझा,
नेव्हकाका


कॅलिंडरी
९ ऑगस्ट २००२

प्रिय बाबा,

मागच्या पत्रात मी फार टाकून बोलले. आईचं काढायला नको होतं. ती असती तर तिने मला तिथल्या तिथे गप्प केलं असतं. तुम्ही लिहिलं नाहीत तरी मीच लिहितेय.

माझं एक काम आहे. ग्रँटच्या घरात सगळ्यांना वाटतं की मला धड गाडी चालवता येत नाही. खरंही आहे, मला इथली डिझेलची धुडं तेवढी हाकता येतात. मला जुनी, जड क्लचची, ताकदवान गाडी चालवायला शिकायचंय. होल्डनवाल्यांकडून शिकायचं म्हणजे आपल्या घराचं नाव बुडवायचं. तुम्ही शिकवाल का? शेंदरीवर?

माहीत आहे, तिला तुमच्याशिवाय कोणी हात लावलेला नाही. पण कधीतरी कोणीतरी लावणारच. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कातरणी संपते, तेव्हा मी बसने येते. ग्रँटला आणत नाही, एकटी येते. तुम्ही शेजारी बसा आणि शिव्या द्या. गाडीला काही झालं असेल, पोचा-बिचा पडला असेल, तरी चालेल. मला कळत नाही तेवढं.

बाबा, मी त्या दिवशी व्हरांड्यातून लवकर आत यायला हवं होतं आणि तुम्हाला घ्यायला कोणालातरी पाठवायला हवं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही. मला फक्त तुम्ही आला नाहीत एवढंच दिसत होतं.

जनेल


पीटरबरो
२५ ऑगस्ट २००२

जनेल पोरी,

अक्षर नेव्हचं आहे, बोलतोय मी. त्याला सांगितलंय, मी म्हणेन तेवढंच लिही, मधे तुझं शहाणपण घालू नकोस. (घालत नाहीये. नेव्ह.) बघितलंस.

याने तुला सांगितलंय हे मला कळलं. तुझं आधीचं पत्र वाचताना हा प्रत्येक ओळीला अडखळत होता. या वेळचं धडाधड वाचत गेला, आणि पोच्याचं आलं तिथे खोकला. मी विचारलं, सांगितलंस का. हा कागदाची घडी घालायला लागला. त्या दिवशी मी त्याला चहाही दिला नाही. आता देतो.

कीव करायची असेल तर कर. तू केलीस की सोसता येतं, असं दिसतंय.

मी बसने यायला हवं होतं. नेव्हच्या शेणातून यायला हवं होतं. चाचपत उतरलो असतो, लोक हळहळले असते, आणि मग बिअर प्यायला गेले असते. एवढंच झालं असतं. हे मला शेडमध्ये बसून कळलं नाही. आता रोज कळतं आणि उपयोग काही नाही. तुझं लग्न परत होणार नाही.

तुझी आई. तिने एकदा विचारलं होतं, मी चालवून बघू का? नवीन होती गाडी तेव्हा. मी म्हटलं, क्लच जड आहे, तुला झेपायचा नाही. तिने परत विचारलं नाही. क्लच काही इतका जड नाही, जनेल. तुला झेपेल, तिलाही झेपला असता.

मडगार्ड नेव्हने ठोकून बरं केलंय, दिवा बसवलाय. रंग मी मारू दिला नाही. जुन्या गाड्यांच्या क्लबातले लोक येऊन हळहळून जातात, जसं काही घरात कोणी वारलंय. येऊ देत.

तू ये. सप्टेंबरात रस्ता कोरडा असतो. खडीच्या रस्त्याने जाऊ, टेरोवीपर्यंत, पुढेही जाऊ. तू म्हणशील तिथे. गिअर बदलताना मी सांगेन, इंजिनाच्या आवाजावरून मला अजून बरोबर कळतं. तेवढे कान शिल्लक आहेत.

तू पाठवलेला फोटो मी रोज एकदा हातात घेतो. ग्रँटची टोपी दिसते. काकांचं कुत्रं दिसतं. शेडचं दार दिसतं, कडेला उभी असलेली माणसं दिसतात. नेव्ह सांगतो तू मधोमध आहेस. तेवढीच जागा माझ्या डोळ्यातून गेली आहे. तू मला दिसत नाहीस.

नेव्ह समोर बसला की मला दिसत नाही, गाडीत शेजारी बसला की दिसतो. म्हणून तू चालवायला बस. मी डावीकडे बसेन आणि सगळा वेळ समोर रस्त्याकडे बघेन, म्हणजे कडेला तू दिसशील. बोलताना मी तुझ्याकडे तोंड वळवलं नाही, तर राग मानू नकोस.

बाबा